शून्याच्या खालचा दिवस

थूल मॅडम स्टाफरूमच्या दारातच थांबत. पर्समधून फोन काढत, चष्मा कपाळावर सरकवत, स्क्रीन डोळ्यांजवळ नेऊन काहीतरी पाहत आणि मग आपल्या खुर्चीत येऊन बसत. कुणीतरी हमखास विचारायचं, "काय मॅडम, तेल चढलं का उतरलं?"

"हललं," त्या म्हणायच्या.

"म्हणजे चढलं का उतरलं?"

"ते मी पाहतच नाही. किती हललं ते पाहते."

स्टाफरूम हसायची. त्याही हसायच्या, पण आपण काही विनोद केला असं त्यांना वाटत नसे.

आर्वीच्या आमच्या कॉलेजात त्या अर्थशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी. त्यांचं घर माझ्या घरापासून दोन घरं सोडून होतं, त्यामुळे जाता-येता रस्ता एकच. ठेंगणी मूर्ती, कडक इस्त्रीची सुती साडी, पदराला पिन, आणि चाल अशी भरभर की मला सोबत राहण्यासाठी अर्धं पळावं लागे. वडील आर्वीच्या एस.टी. डेपोत मेकॅनिक होते. डिझेलचा भाव वाढला की घरात आधी बाबांच्या बोलण्यातून कळायचं, पेपरात नंतर यायचं, असं त्या सांगत.

त्यांच्या पीएच.डी.चा विषय होता कच्च्या तेलाच्या भावातली अस्थिरता आणि शेअर बाजारातली अस्थिरता यांचा संबंध. नोंदणी केली तेव्हा प्राचार्य म्हणाले होते, "मॅडम, कापूस घ्यायचा, सोयाबीन घ्यायचं. आर्वीत कुठं तेलाची विहीर आहे?" मॅडम म्हणाल्या, "सर, आर्वीची एस.टी. कशावर चालते? आणि तिकडे कच्चं तेल उसळलं की इकडे यार्डात सोयाबीनचा भाव काऊन हलते, हे त्या व्यापाऱ्यांनाच विचारा." प्राचार्यांनी सही केली.

विद्यार्थ्यांना त्यांची एक खोड फार जाचायची. उत्तरपत्रिकेत 'नेहमी' हा शब्द दिसला की त्या लाल शाईनं खोडायच्या आणि वर लिहायच्या, 'बहुतेक वेळा'. 'मागणी वाढली की किंमत नेहमी वाढते' असं लिहिलं की अर्धा गुण गेलाच. एकदा एका मुलीनं धीर करून विचारलं, "मॅडम, मग नेहमी असं काहीच नसते का?" मॅडम म्हणाल्या, "अर्थशास्त्रात तरी मला अजून भेटलं नाही. तुला भेटलं तर सांगजो."

अस्थिरता म्हणजे काय हे त्या एस.टी.वरून शिकवायच्या. मी बाजूच्या वर्गात असायचो, त्यामुळे तो तास मला पाठ आहे. "वर्ध्याला जाणाऱ्या दोन गाड्या आहेत समजा. एक रोज दहा मिनिटं उशिरा येते. दुसरी कधी वेळेआधीच निघून जाते, कधी अर्धा तास येतच नाही, पण सरासरी काढली तर तीही दहा मिनिटंच उशिरा. पेपरला जायचं असेल तर कोणत्या गाडीवर भरवसा ठेवाल?" पोरं ओरडायची, "पहिली!" "मग सरासरी सारखी असून काऊन पहिली? त्या 'काऊन'चं नाव अस्थिरता."

गावात मात्र त्यांना वेगळंच नाव पडलं होतं. 'सांगता येत नाही मॅडम'. त्याचं कारण एक गुंतवणूकदार मेळावा. बाहेरून आलेल्या कुण्या सल्लागारानं मंगल कार्यालयात तो ठेवला होता, आणि स्थानिक तज्ज्ञ म्हणून मॅडमना बोलावलं होतं. अडत्ये, दुकानदार, निवृत्त मास्तर, नुकतंच फोनवर खातं उघडलेली पोरं, असं सगळं मंडळ खुर्च्यांवर बसलेलं. मॅडमनी तासभर तेल आणि बाजार समजावला. शेवटी एक सोयाबीनचे व्यापारी उभे राहिले.

"मॅडम, लय चांगलं सांगतलं. आता एवढंच सांगा, घेऊ का विकू?"

"सांगता येत नाही."

"अंदाजे?"

"अंदाजेच सांगता येत नाही. खात्रीनं फक्त एवढंच सांगते, की जो तुम्हाला खात्रीनं सांगेल त्याच्यापासून दूर राहा."

खात्रीनं सांगणारा सल्लागार स्टेजवर त्यांच्या बाजूलाच बसलेला होता. त्याचा चेहरा पाहून अर्धा हॉल हसला आणि उरलेला अर्धा जेवणाच्या रांगेत लागला. पुढच्या मेळाव्याचं बोलावणं मॅडमना आलं नाही. स्वतः त्यांनी कधी एक शेअरही घेतला नव्हता. "डॉक्टरनं स्वतःची नाडी पाहू नये," म्हणायच्या.

या सगळ्याची खरी मजा घ्यायचा तो विलास, त्यांचा भाऊ. त्यांच्यापेक्षा पुष्कळ लहान. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, थोड्या वर्षांनी वडीलही गेले, आणि मॅडमनी त्याला वाढवलं. लग्नाचं त्यांनी मनावर घेतलं नाही. कुणी विषय काढला तर म्हणत, "मले पोरगं हाय न एक, दाढीमिशीवालं." घरात आणि विलासशी त्या अशाच बोलत. कॉलेजातली भाषा फाटकाच्या बाहेर राहायची.

बस स्टँडजवळ विलासचं मोबाईलचं दुकान होतं. गोरा, हसरा, बोलघेवडा पोरगा. आमच्या गल्लीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे फोन तोच नीट करून द्यायचा आणि पैसे विचारले तर "काकाजी, चहा पाजा" म्हणायचा. संध्याकाळी दुकानातून आला की अंगणात बहिणीसमोर पाय पसरून बसायचा.

"ताई, तुह्या पीएच.डी.त काय निघालं थे मले एका वाक्यात सांग."

"एका वाक्यात सांगता आलं असतं, तर मी इतके वर्ष कायले घासून राह्यली असती?"

"मंग दोन वाक्यात."

मी फाटकात उभा होतो. मॅडमनी मलाही आत बोलावलं आणि सांगितलं, जणू आम्ही दोघं वर्गात बसलो होतो. "जग शांत असलं की तेलाचं आणि बाजाराचं काही नातंच दिसत नाई. दोघं आपापल्या वाटेनं जातात. पण कुठं भीती शिरली, लढाई म्हणा, दिवाळखोरी म्हणा, की दोघंही एकदम कापायले लागतात. नातं भीतीच्या दिवसातच दिसते. आणि तसे दिवस थोडेच असतात, म्हणून छातीठोकपणे बोलता येत नाई."

"झालं न," विलास म्हणाला, "भीतीच्या दिवसात घ्यायचं आन् शांत झालं की विकायचं."

"असं मी बोलली का?"

"तू नाई बोलली. मी बोललो."

त्यानं आधी शेअर घेतले, थोडे थोडे. मग तेलाचे सौदे सुरू केले. प्रत्यक्षात तेलाचा थेंबही नाही, फोनवर नुसती खरेदी-विक्री. मॅडमना ते आवडत नव्हतं. एक-दोनदा त्यांचा वरचा आवाज मला त्यांच्या फाटकावरून जाताना ऐकू आला. पण विलास कमावत होता, बहिणीला नवा फ्रिज आणला होता, आणि रागावलेल्या बहिणीला हसवणं त्याला चांगलं जमायचं. माणसांच्या बाबतीत ती बाई फार कच्ची होती.

मग लॉकडाउन आला. कॉलेज बंद, डेपोत लाल गाड्या ओळीनं उभ्या, विलासच्या दुकानाचं शटर खाली. सारं जग घरात बसलं तसं तेल कुणाला नकोसं झालं आणि भाव कोसळायला लागला. बाजार आधीच कोसळला होता. मॅडम कधी नाही अशा उत्तेजित होत्या. फाटकाआडून मला सांगायच्या, "सर, मी ज्याचा अभ्यास करते ते डोळ्यासमोर घडून राह्यलं. दोन्ही एकदम. पुस्तकातसुद्धा असं नाही." विलास दिवसभर फोन घेऊन अंगणात बसलेला दिसायचा. दाढी वाढलेली. हात केला की हसायचा.

एका सकाळी मी भाजीची पिशवी द्यायला त्यांच्याकडे गेलो. गल्लीत भाजीवाला आला की एकानं सगळ्यांची घ्यायची अशी आमची तेव्हा रीत होती. फाटक उघडंच होतं. विलास अंगणात जमिनीवर बसला होता, फोन समोर पालथा. मला पाहून हसला.

"सर, एक गंमत सांगू का? आता तेल घेतलं तर वरून पैसे भेटून राह्यले."

मला वाटलं तो काही जोक करतो आहे. मॅडम दारात उभ्या होत्या. हाताला कणीक लागलेली. त्यांनी भाजी घेतली नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही.

झालं होतं ते असं. तेलाच्या टाक्या जगभर भरल्या होत्या. सौद्याची मुदत संपत आली होती, आणि ज्याच्या हातात सौदा उरला त्याला तेल उचलावं लागणार होतं. ठेवायला जागा नाही, म्हणून लोक 'पैसे घ्या पण हे न्या' म्हणायला लागले, आणि भाव शून्याच्या खाली गेला. लॉकडाउनमुळे आपल्याकडचा बाजार संध्याकाळीच बंद झाला होता. जे घडलं ते त्यानंतर, अमेरिकेत, आणि इथले सौदेही त्याच भावानं मिटवले गेले. विलासनं तेल अगदी मातीमोल झालं म्हणून भरपूर घेऊन ठेवलं होतं. तो झोपेतून उठला तेव्हा त्याचं होतं-नव्हतं ते गेलं होतं, आणि नव्हतं तेही गेलं होतं.

दुकान विकलं. मॅडमनी भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतली. एवढंच मला कळलं, आणि मी अधिक विचारलं नाही.

विलासनं आरडाओरडा केला नाही, दारू धरली नाही, काहीच केलं नाही. त्याचं वाईट वाटावं अशी संधीच त्यानं कुणाला दिली नाही. वाहतूक सुरू झाली तसा तो एका टेम्पोवर ड्रायव्हर म्हणून लागला. आर्वी, पुलगाव, वर्धा, कधी नागपूर. रस्त्यात भेटला की हॉर्न द्यायचा. मी एकदा म्हणालो, "विलास, मॅडम फार खचल्या रे." तो म्हणाला, "तिले समजावा न सर. माह्या सौद्यात तिचं काय हाय? थे उगाच जीवाले लावून घेते."

पुढच्या वर्षी साथ पुन्हा आली, पहिल्यापेक्षा वाईट. टेम्पो बंद ठेवून चालण्यासारखं नव्हतं. विलास नागपूरच्या फेऱ्या करत राहिला आणि ताप घेऊन आला. आर्वीत खाट मिळाली नाही. वर्ध्याच्या दवाखान्यात मिळाली, पण उशिरा. मॅडम बाहेर झाडाखाली बसून राहिल्या. आत कुणाला सोडत नव्हते. फोनवर त्यानं त्यांना सांगितलं, "ताई, जेवून घेजो." त्यानंतर नळी लावली, आणि बोलणं झालं नाही.

अंत्यविधीला आम्ही दूर उभे होतो. घरी परतल्यावर त्या मला म्हणाल्या, "आज बाजार वर होता, सर." मी चपापलो. त्या पुढे म्हणाल्या, "पुष्कळ वर होता. सगळीकडे माणसं मरून राह्यली, अन् बाजार वर." त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी गोष्ट समजत नाही तेव्हा विद्यार्थी जसा बोलतो, तसा तो आवाज होता.

पाच-सहा महिन्यांनी नागपूरहून त्यांच्या मार्गदर्शकांचा निरोप आला. प्रबंध तयारच होता, पण लॉकडाउनचा काळ जोडल्याशिवाय परीक्षक मान्य करणार नाहीत. मॅडमनी आकडे पुन्हा घेतले, गणितं पुन्हा केली. मला विद्यापीठात काम होतं म्हणून आम्ही एकाच गाडीनं गेलो. मार्गदर्शकांच्या खोलीत मी कोपऱ्यात बसलो. सर भले गृहस्थ होते. त्यांनी चहा मागवला, पानं चाळली आणि एका ठिकाणी थांबले.

"ही जागा रिकामी का?"

"सर, त्या दिवशी भाव ऋण होता. आपण रोजचा बदल लॉग घेऊन काढतो. ऋण आकड्याचा लॉग निघत नाही."

"हो हो, तो दिवस. तो वगळून टाका. तळटीप द्या. बहुतेकांनी तेच केलंय."

"वगळू?"

"दुसरी रीत आहे, पण मग सगळा प्रबंध नव्यानं करावा लागेल. कशाला? हजारो दिवसांतला एक दिवस आहे मॅडम. तो काढल्यानं निष्कर्षाला काहीच फरक पडत नाही. मी स्वतः करून पाहिलंय."

मॅडमनी त्या रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "सर, माझा प्रबंध भीतीच्या दिवसांवर आहे. सगळ्यात मोठ्या भीतीचा दिवस सूत्रात बसत नाही म्हणून काढायचा, आणि काढला तरी काही फरक पडत नाही. मग मी इतकी वर्षं काय मोजलं?"

सरांना विलासचं माहीत नव्हतं. ते समजुतीनं म्हणाले, "भावनिक होऊ नका. सही करतो, जमा करून टाका."

मॅडमनी पानं गोळा केली, कडा जुळवल्या, पिशवीत ठेवली. "येते सर," म्हणाल्या. प्रबंध त्यांनी जमा केला नाही, त्या वर्षी नाही आणि नंतरही नाही.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. तळेगाव मागे पडलं. मग खिडकीकडेच पाहत म्हणाल्या, "सर, त्यानं मला विचारलं होतं."

"कुणी?"

"विलासनं. आदल्या दिवशी दुपारी. मी अंगणात डाळ निवडत होते. म्हणाला, 'ताई, भाव शून्याच्या खाली जाते का?' मी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. म्हटलं, 'नाई. वस्तूचा भाव शून्याच्या खाली जात नसते.' तो म्हणाला, 'पक्कं?' मी म्हटलं, 'पक्कं.'"

गाडीचा खडखडाट चालू होता. मला काहीतरी बोलणं भाग होतं. मी म्हणालो, "मॅडम, असं होईल हे जगात कुणाला वाटलं होतं?"

"जगाले त्यानं नव्हतं विचारलं, सर. मले विचारलं होतं."

त्यांची फाटकाआतली भाषा त्या माझ्याशी फाटकाबाहेर पहिल्यांदाच बोलत होत्या. "वर्गात मी शिकवते, एकामागून एक दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीनं दुसरी घडवली असं होत नाई. तेल पडलं, दुकान गेलं, टेम्पो आला, ताप आला. मधात किती कड्या हायेत. परीक्षेत कोणी असं लिहिलं तर मी गुण देणार नाई. पण घरी आली का मले थे लावता येत नाई. अन् त्यानं एकदाही म्हटलं नाई, सर. एकदा तरी म्हणाले पाह्यजे होतं, 'ताई, तूच तर सांगतलं.' मी वाट पाहत होती. तो म्हणालाच नाई."

पुढे युरोपात लढाई पेटली, तेल उसळलं, बाजार थरथरला. स्टाफरूममध्ये जुन्या सवयीनं कुणीतरी विचारलं, "काय मॅडम, हललं का?" त्यांनी वर पाहिलं आणि पुन्हा हजेरीपटात डोकं घातलं. दारात थांबून फोन पाहणं केव्हाच बंद झालं होतं. त्या पुस्तकातलं वाचून शिकवू लागल्या. एस.टी.चं उदाहरण बाजूच्या वर्गातून पुन्हा ऐकू आलं नाही. परीक्षेनंतर गठ्ठे आवरताना त्यांनी तपासलेली एक उत्तरपत्रिका माझ्या हाती आली. पोरानं लिहिलं होतं, 'तेलाचे भाव वाढले की शेअर बाजार नेहमी पडतो.' त्यापुढे बरोबरची खूण होती आणि पूर्ण गुण. मी ते पान पुन्हा पाहिलं. अक्षर त्यांचंच होतं.

मुदतीआधीच त्या निवृत्त झाल्या. निरोप समारंभ नको म्हणाल्या. आर्वीचं घर विकलं आणि आष्टीला आईच्या माहेरच्या घराच्या दोन खोल्या होत्या तिथं राहायला गेल्या.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तिथं. आठवडी बाजाराचा दिवस होता, एका लग्नाच्या निमित्तानं आष्टीला गेलो होतो, दुपारी पत्ता विचारत पोचलो. त्यांनी ओळखलं, चहा ठेवला. केस पांढरे झाले होते. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली विलासचा फोटो. पुस्तकं कुठं दिसली नाहीत. आम्ही कॉलेजचं बोललो, म्हणजे मीच बोललो.

चहा ओतत असताना फोटोखालच्या फळीवर एक फोन वाजला. छोटी, मंजूळ टिंग. थोड्या वेळानं पुन्हा, मग पुन्हा. जुना फोन, काचेला तडा, चार्जरला लावून ठेवलेला. मॅडमनी तिकडे पाहिलं नाही.

"तुमचा फोन, मॅडम."

"माहा नाई. विलासचा हाय. तेल जास्त हललं का वाजते. त्यानंच लावून ठेवलं होतं, झोपेतून उठावं म्हणून."

"बंद करून देऊ का? सोपं असतं ते."

"नको," त्या म्हणाल्या. मग कप माझ्यापुढे सरकवत, "दर महिन्याले रिचार्ज मारते मी त्याच्यात. कधी कधी आठ-आठ दिवस वाजत नाई. मंग वाटते, संपलं."

मी निघालो तेव्हा त्या फाटकापर्यंत आल्या नाहीत. गल्लीच्या वळणावरून मी मागे पाहिलं. दार उघडंच होतं. आतल्या अंधारात त्या फळीसमोर उभ्या होत्या आणि पदराच्या टोकानं फोनची तडकलेली काच पुसत होत्या.